दादा, वरच्या मजल्याबद्दल

मनामा, बहरीन
शुक्रवार, 14 नोव्हेंबर 2025

प्रिय दादा आणि वहिनी,

तुम्हा दोघांना आणि आईला प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. पोरांना गोड पापा.

दादा, परवा फोनवर तू बोलत होतास आणि मी गप्प बसले. तुला वाटलं असेल, हिला राग आला. तसं काही नाही. नुकतीच ड्यूटीवरून आले होते, पाय सुजले होते, आणि तू जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. पप्पा म्हणायचे, महत्त्वाचं सांगायचं असेल तर पत्र लिहावं, चुकलं तर खोडता येतं. हा कागद तिसरा आहे. आधीचे दोन फाडले. आईला तूच वाचून दाखव. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत तिला बारीक अक्षर वाचायला देऊ नकोस, ती हट्टानं वाचत बसते आणि मग डोकं धरते.

तुझं म्हणणं मला नीट कळलंय. मार्चमध्ये माझं इथलं नर्सचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. ते आणखी दोन वर्षं वाढवायचं, त्या भरवशावर तू 15 लाखांचं कर्ज काढायचंस आणि घरावर पूर्ण मजला चढवायचा. तीन खोल्या, पुढं गॅलरी, सरकत्या काचा. नकाशाही पाठवलास. नकाशा सुंदर आहे.

आधी जे पटतं ते सांगते. वर एक खोली हवीच. 2019 चा ऑगस्ट मी विसरलेली नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं आणि आपल्या गल्लीत बोट आली होती. आईला खुर्चीत बसवून आपण चौघांनी खुर्ची उचलली होती. तिच्या मांडीवर काय होतं आठवतंय? पप्पांचं पवित्र शास्त्र, पप्पांचा फोटो आणि औषधाची पिशवी. तू कागदपत्रांची फाइल घेतली होतीस, वहिनींनी धाकट्याला पोटाशी बांधलं होतं, आणि मी, आता सांगायला हरकत नाही, मी कपाटातली सोन्याची चेन शोधत मागं राहिले होते. कमरेपर्यंत पाणी आणि मी चेन शोधतेय. तू बाहेरून हाका मारत होतास. चेन सापडली. ती पुढं घराच्या दुरुस्तीसाठी मोडली, तिचे जेवढे आले तेवढ्यात खालच्या भिंतींचा गिलावासुद्धा झाला नाही. उरलेलं फेडायला मी त्याच ऑक्टोबरात इथं आले. म्हणून म्हणते, आईला पुरात वर नेऊन ठेवता येईल अशी एक पक्की खोली, एक संडास आणि धरून चढता येईल असा जिना, एवढ्याचे पैसे माझ्याकडे आज आहेत. कर्ज काढायची गरज नाही. ते मी पाठवणार आहे.

बाकीच्या दोन खोल्यांबद्दल आणि त्या काचांबद्दल मला लिहायचंय. म्हणजे खरं तर त्यांच्याबद्दल नाही.

तुला हरिपूरची पेवं आठवतात ना? आजोबा त्यांत हळद भरायला जायचे. संगमाजवळची ती माती अशी की जमिनीत खोल खड्डा खणून त्यात हळद ठेवली तर वर्षानुवर्षं ना कीड लागायची, ना रंग उतरायचा. वर तोंड एवढंसं, माणूस जेमतेम सरकेल इतकं, आणि खाली पोट केवढं तरी. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आत कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. आजी सांगायची, आजोबा उतरले की दोर हलेपर्यंत ती वर तोंडाशी बसून प्रार्थना म्हणायची, आणि ते वर आले की अंगभर पिवळे, नुसते डोळे तेवढे दिसायचे. "पोती शेठची, पेव शेठचं, जीव तेवढा आपला," असं ती म्हणायची.

मग 2005 चा पूर आला. मी अठरा वर्षांची होते, तू वीसचा. पाणी ओसरल्यावर पप्पा आपल्याला हरिपूरला घेऊन गेले होते. रस्त्यावरचा चिखल पिवळा होता. वास असा होता की नाकाला रुमाल लावूनही घशात उतरत होता. एका पेवाच्या तोंडाशी एक माणूस उकिडवा बसला होता. त्याच्या ओंजळीत काळपट लगदा होता, तो त्याचा वास घेत होता आणि परत परत बोटांनी चाचपत होता, जणू आत एखादं तरी हळकुंड धड निघेल. पप्पांनी त्याला काही उपदेश केला नाही. आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या हातांवर ओतलं, त्याचे हात धुतले आणि उरलेलं त्याला प्यायला दिलं. घरी परतताना बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "पृथ्वीवर धन साठवू नका म्हणताना प्रभूनं कसर सांगितली, जंग सांगितला, चोर सांगितला. पेवात यांतलं काहीच शिरत नव्हतं. म्हणून आपल्या लोकांना वाटलं, हे पक्कं."

तेव्हा मला ते वाक्य नुसतं चांगलं वाटलं होतं. अर्थ कळायला इथं यावं लागलं.

इथं माझ्या पर्समध्ये एक कार्ड असतं, सीपीआर म्हणतात त्याला. बँकेत, दवाखान्यात, सिमकार्ड घेताना, सगळीकडे तेच दाखवायचं. त्यावर मुदत छापलेली असते. मुदत वाढली तर राहायचं, नाही वाढली तर बॅग भरायची. माझ्या खोलीतल्या केरळच्या सिस्टरला इथं अठरा वर्षं झाली, तरी तिचंही कार्ड माझ्यासारखंच. इथं कुणी आपल्या खोलीला रंग देत नाही. पडदे लावतात ते स्वस्तातले, कारण जाताना टाकूनच जायचे असतात. पहिल्या वर्षी मला याचं फार वाईट वाटायचं. मग एका शुक्रवारी इब्री लोकांस पत्रातला अकरावा अध्याय वाचला गेला. अब्राहाम तंबूत राहिला, कारण पाया असलेल्या नगराची तो वाट पाहत होता, आणि त्या सगळ्यांनी कबूल केलं की आपण पृथ्वीवर परके व प्रवासी आहोत. दादा, लहानपणापासून हा अध्याय आपण किती वेळा ऐकलाय. संडेस्कूलच्या परीक्षेत मला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते. पण परके व प्रवासी हे शब्द पर्समध्ये मुदतीचं कार्ड ठेवून ऐकले की वेगळे ऐकू येतात. मग लक्षात आलं की मुदत सांगलीतही आहे. फक्त तिथं ती कुणी कार्डावर छापून देत नाही.

आषाढात आपल्या दारावरून दिंड्या जायच्या तेव्हा पप्पा पाण्याचा माठ घेऊन बाहेर बसायचे. आपल्या मंडळीतल्या एक-दोघांना ते आवडायचं नाही, पप्पांनी ऐकलं नाही. वारकऱ्यांच्या पाठीवरचं ओझं बघ, असं ते मला म्हणाले होते. एक धोतर, एक पडशी, टाळ. ज्याला लांब चालायचं ते माणूस काय न्यायचं हे आधी ठरवतं.

आता माझ्याकडून जे चुकलं ते सांगते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरपासून या वर्षीच्या मेपर्यंत मी उपासनेला गेले नाही. एकदाही नाही. इथं उपासना शुक्रवारी असते, कारण सुट्टी शुक्रवारची. मनामातल्या चर्चच्या आवारात शुक्रवारी सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक वेगवेगळ्या भाषांच्या उपासना चालतात. एका दारातून मलयाळम गाणारे बाहेर पडतात आणि दुसऱ्या दारातून इंग्रजीवाले आत जातात. फार सुंदर दिसतं ते. आणि शुक्रवारीच ओव्हरटाइमही मिळतो, दीडपट. मी हिशेब करायला लागले. एक शुक्रवार म्हणजे इतके दिनार, इतके दिनार म्हणजे सांगलीत इतके रुपये, इतके रुपये म्हणजे इतक्या विटा. खरंच विटा मोजायचे मी. प्रार्थनेला डोळे मिटले की आकडे यायचे. शास्त्र उशाशी असायचं, त्यावर मोबाइल चार्जिंगला ठेवलेला असायचा. कुणी मला देवापासून दूर ओढलं नाही, दादा. कुठलं मोठं पाप मी केलं नाही. नुसती कामात होते. घरासाठीच करतेय म्हणत होते, आणि तुम्ही सगळे फोनवर माझं कौतुक करत होतात.

मग मे महिन्यात वॉर्डमध्ये एक म्हातारे गृहस्थ आले. आपल्याच देशातले. आयुष्यभर इथं दुकान चालवलेलं, गावाकडं मोठं घर बांधलेलं. मुलं दोन वेगवेगळ्या देशांत. शेवटचे चार दिवस ते माझ्याकडं होते. औषधामुळं भान यायचं-जायचं, आणि भान नसलं की त्यांचा उजवा हात चादरीवर काहीतरी शोधत फिरायचा. उशीखाली, कठड्याच्या फटीत, माझ्या ॲप्रनच्या खिशापाशी. पुटपुटायचे, "चावी, चावी." मी मुलाला फोन लावून दिला. मुलानं सांगितलं, दुकान मागच्याच वर्षी विकलं, कसली चावी आता.

तिसऱ्या रात्री तो हात काही केल्या थांबेना. नख चादरीत अडकून तुटलं होतं. मी माझ्या लॉकरची चावी काढली आणि त्यांच्या मुठीत ठेवली. त्यांनी ती घट्ट धरली, अंगठ्यानं तिचे दाते चाचपले, आणि निजले. पहाटे चारच्या पुढं श्वास संथ होत होत थांबला. सगळं आवरायला घेतलं तेव्हा मूठ उघडून ती चावी मला काढून घ्यावी लागली. ऊबदार होती. दात्यांचे वळ त्यांच्या तळव्यावर उठले होते. ती घेऊन मी लॉकर उघडला. आत माझा डबा, स्वेटर आणि विटांच्या हिशेबाची वही.

त्या शुक्रवारी मी ओव्हरटाइम घेतला नाही. उपासनेत मागच्या बाकावर बसले आणि पूर्ण वेळ रडले. शेजारच्या अनोळखी बाईनं काही विचारलं नाही, तिची पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली. मला पप्पा आठवले, हरिपूरचे.

तेव्हापासून पहाटे साडेचारला उठते. सातची ड्यूटी असते, पाचला अंघोळीची रांग लागते, त्याआधीचा अर्धा तास देवाचा. सुरुवातीला डुलक्या यायच्या, अजूनही येतात. स्तोत्र 90 पासून सुरू केलं, कारण पप्पा दर 31 डिसेंबरच्या रात्री तेच वाचायचे. आमचे दिवस गणण्यास आम्हाला शिकव. मी दिनार मोजत होते आणि मोशे दिवस मोजायला शिकव म्हणून देवाकडं मागत होता. त्याला ते आपोआप येत नव्हतं, म्हणूनच त्यानं मागितलं ना?

एक गोष्ट मला इथंच समजली, ती तुला लिहायलाच हवी. सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यावर सुरू होणारं काहीतरी, असं मी धरून चालले होते. इथलं जगून घ्यायचं आणि तिकडचं तिकिट खिशात सांभाळायचं, एवढंच. योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू प्रार्थना करताना स्वतःच सांगतो की सार्वकालिक जीवन हेच, की त्यांनी तुला, एकच खऱ्या देवाला, आणि ज्याला तू पाठवलंस त्या येशू ख्रिस्ताला ओळखावं. ओळखणं! ओळख तर आज होते. सांगलीच्या बाजारात हळद तोलताना होते, वॉर्डमध्ये बेडपॅन उचलताना होते. म्हणून कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो वरील गोष्टींकडे मन लावा, तेव्हा तो काम टाकून आभाळाकडं बघत बसा असं सांगत नाही. त्याच अध्यायात पुढं बायको, नवरा, मुलं, धनी, चाकर या सगळ्यांबद्दल लिहिलंय. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, हेही तिथंच आहे. आता मी सुई टोचताना पेशंटचं नाव घेऊन मनात एक वाक्य म्हणते. पेशंट मुसलमान असो, हिंदू असो, फिलिपिनो असो. त्याला ते कळत नाही. पण माझा हात हलका झालाय, हे सिस्टर इनचार्जनंही बोलून दाखवलं.

हे बेट एके काळी मोत्यांवर जगत होतं, तुला ठाऊक आहे? नाकाला चिमटा, पायाला दगड बांधून माणसं समुद्राच्या तळाशी जायची, वर होडीत एक जण दोर धरून बसायचा. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आजोबाच आले. त्यांचीही शिंपली दुसऱ्याची, होडी दुसऱ्याची. मग जपानातून कृत्रिम मोती बाजारात आले आणि 1930 च्या सुमाराला शेकडो वर्षांचा धंदा बघता बघता बसला. 1932 मध्ये इथं तेल सापडलं म्हणून बेट तगलं. मोत्याच्या व्यापाऱ्याचा दाखला आपण मत्तयात वाचतो, एक अतिमोलवान मोती सापडल्यावर त्यानं जाऊन आपलं सगळं विकलं. मोत्यांच्या गावात बसून तो वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की त्या व्यापाऱ्याला विकताना दुःख झालेलं कुठंच लिहिलेलं नाही.

इथं जुनं ख्रिस्ती कब्रस्तान आहे. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांबरोबर मी तिथं जाऊन आले. सॅम्युएल झ्वेमर नावाचे अमेरिकन मिशनरी इथं काम करत होते. त्यांच्या दोन मुली, एक चार वर्षांची आणि एक सात, जुलै 1904 मध्ये आठ दिवसांच्या आत गेल्या. जुलैत इथली हवा कशी असते ते मी सहा वर्षं सोसतेय, तेव्हा तर पंखाही नव्हता. त्या आईबापांनी दगडावर प्रकटीकरणातलं वचन कोरून घेतलं: कोकरा धन घेण्यास योग्य आहे. धन! माझ्या तोंडात हा शब्द आला की बँकेचं पासबुक डोळ्यांपुढं यायचं. त्यांनी तो दोन लेकींसाठी वापरला. आमचं जे सगळ्यात मोलाचं होतं ते, प्रभू येशू, तुझ्याकडं दिलं, तू त्याच्या लायक आहेस. मी खाली बसले. सोबतचे गृहस्थ टोपी काढून बाजूला उभे राहिले, कितीतरी वेळ.

तिथं बसून मला मिरज आठवली. आपले डॉ. वॉनलेस कॅनडात जन्मलेले. पंचविशीच्या आत बोटीनं आपल्या भागात आले, 1894 साली मिरजेत हॉस्पिटल उघडलं आणि आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षं तिथंच घालवली. त्यांना तिकडं घराला मजले चढवता आले नसते का? ते आले म्हणून पप्पांना कंपाउंडरची नोकरी होती, तू-मी शिकलो, आणि मी आज इथं पोटाला मिळवतेय. आपल्या घराच्या पायात त्यांनी न बांधलेल्या घराच्या विटा आहेत, असं मला वाटतं. मी काही मिशनरी नाही आणि तुलाही हो म्हणत नाही. पण ज्या झाडाची फळं आपण खाल्ली ते कशावर वाढलं, एवढं तरी विसरू नये.

आणि पप्पांचा डालड्याचा डबा. पगाराच्या दिवशी मिरजेहून एसटीनं यायचे, पायही न धुता आधी दशमांश मोजून डब्यात टाकायचे, मग उरलेलं पाकीट आईच्या हातात. एकदा तुझी फी भरायची होती आणि आईनं डब्याकडं बघितलं होतं. पप्पा म्हणाले, "त्यातले आपले नाहीत, आपण बघायचे कुठले?" आई चार दिवस बोलली नाही. फी शेवटी उशिरा भरली, दंडासकट. आई, तू हे ऐकतेयस तर हसत असशील. तेव्हा मला पप्पांचा राग आला होता. आता वाटतं, त्या माणसाला पैशाची भीती नव्हती, आणि ते त्या डब्यामुळं. मी या जूनपासून इथं तसंच सुरू केलंय. डबा नेस्केफेचा आहे.

आता एक अवघड गोष्ट. दादा, काकांच्या भिंतीचं तू फोनवर जाता जाता बोललास. नव्या नकाशात जिना तिकडून घ्यायचा म्हणून एक हात जागा लागते आणि काका देत नाहीत, म्हणून तू मोजणी आणणार आहेस. वहिनी म्हणाल्या, दोन्ही घरं चर्चमध्ये आता वेगवेगळ्या बाजूला बसतात. हे मला सगळ्यात जास्त लागलं. 2019 मध्ये आईची खुर्ची आपण चौघांनी उचलली असं मी वर लिहिलं. चौथे काकाच होते ना? त्यांचं स्वतःचं घर छतापर्यंत बुडत असताना ते आधी आपल्याकडं आले होते.

वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जा. हे प्रभूचे शब्द आहेत, माझे नाहीत. म्हणून मागणं एवढंच: नाताळाच्या प्रभुभोजनाआधी तू काकांकडं जा. मोजणीचा अर्ज मागं घे. जिना आतल्या बाजूनं घेता येतो, मी नकाशावर पेन्सिलीनं काढून फोटो पाठवलाय, पुढची खोली दोन फूट लहान होते एवढंच. काका काय म्हणतील ते म्हणू देत. ते बोलतील, त्यांना बोलायची सवय आहे. तू बस, चहा घे. वहिनी, तुम्ही सोबत जा. काकूंना तुमच्या हातच्या शेंगदाण्याच्या पोळ्या आवडतात.

आणि माझं ठरलंय. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही. इथं राहणं वाईट असतं म्हणून नव्हे. इथं माझ्यासोबत अशा सिस्टर आहेत की त्यांच्यासाठी हेच देवानं दिलेलं ठिकाण आहे, आणि त्या वीस-वीस वर्षं दिव्यासारख्या उभ्या आहेत. माझं इथलं देणं फिटलं. आईचं वय झालंय आणि तिला रात्री उठवून बसवायला कुणीतरी हवं. सांगली-मिरजेत नर्सला काम मिळत नाही असं होणार नाही. पगार कमी असेल. ते मी मोजलंय, पेन्सिलीनं नाही, रात्रभर जागून. भीती वाटते, नाही असं नाही. तुझ्या धाकट्याचं इंजिनीअरिंगचं स्वप्न आहे आणि त्यात आत्याचा हात कमी पडेल, हे मला टोचतं. त्याच्यासाठी मी थोडे वेगळे ठेवलेत, ते त्याचेच. पण तुला 15 लाखांच्या कर्जाला माझ्या नावाचा आधार मी देणार नाही. दादा, मला समजून घे. रागावलास तरी चालेल, पण चर्चला जायचं सोडू नकोस.

तिकिट बहुधा एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं मिळेल. तोवर पुनरुत्थानदिन इथं होईल की तिथं ते सांगता येत नाही. तिथं झाला तर पप्पांची पेटी काढून ठेव, भाता फाटलाय का बघ. मिरजेत सतारीच्या गल्लीत कुणीतरी दुरुस्त करून देईल. पोरांना निदान एक भजन तिच्यावर यायला हवं.

डिसेंबरात आमच्यातल्या एक सिस्टर कोल्हापूरला येताहेत. त्यांच्याकडं आईसाठी स्वेटर आणि काकूंसाठी खजूर देतेय. काकूंचं पाकीट वेगळं बांधलंय, त्यावर नाव लिहिलंय, तू स्वतः नेऊन दे. येताना त्यांच्याबरोबर पाव किलो हळद पाठव, दळलेली नको, हळकुंडं पाठव. इथली पिवळी असते पण तिला वास नसतो.

आईला हे वाचून झालं की स्तोत्र 90 वाच. तिला ते तोंडपाठ आहे. ती डोळे मिटून तुझ्या आधी पुढची ओळ म्हणेल, म्हणू दे तिला. मी इथं साडेचारला तेच वाचत असेन, तुमच्याकडं तेव्हा सात वाजलेले असतात आणि चहा झालेला असतो.

सगळ्यांना, काका-काकूंनाही, माझा सलाम सांगा.

तुमचीच,
धाकटी